पुण्यात दोघांचं नवीन घर: पहिल्या काही महिन्यांत काय काय लावून घ्यायचं

लग्न झालं, फिरून आलात, ऑफिसच्या सुट्ट्या संपल्या आणि आता पुण्यात भाड्याचा फ्लॅट घेऊन दोघांचा संसार सुरू करायचाय, अशा लोकांसाठी हे लिहितेय. सोफा कुठला, पडदे कुठल्या रंगाचे याबद्दल यात काही नाही, त्यासाठी दोन्हीकडच्या आत्या-मावश्या आहेतच. घर रोज चालतं कशावर ते सांगते, म्हणजे पाणी, लाईट, कचरा, पोळ्या, मेन्टेनन्स, अ‍ॅग्रीमेंट. ऑर्डरने घेतलंय, शेवटापर्यंत वाचा किंवा लागेल तिथे उडी मारा.

एक गोष्ट मात्र आधीच. दोघं कमावणारे असले की लोक कामं वाटून घेतात, तू भांडी मी कपडे वगैरे, आणि दोन महिन्यांत भांडणं सुरू होतात कारण भांडी घासायला सगळे तयार असतात पण भांड्याचा साबण संपत आलाय हे लक्षात कोण ठेवणार? गॅस कधी बुक केला होता, कामाच्या मावशींना कुठल्या दिवशी यायचं नाहीये, लाईट बिलाची तारीख, हे डोक्यात ठेवणं हेच खरं काम आहे आणि ते कुठल्याच यादीत नसतं. म्हणून कामं वाटू नका, सरळ मंत्रिमंडळासारखं खातेवाटप करा. पाणी-लाईट-गॅस हे एक खातं, किराणा-स्वयंपाक दुसरं, सोसायटी-कागदपत्रं तिसरं, मदतनीस आणि कचरा चौथं. ज्याचं खातं त्याने लक्षात ठेवायचं, काम दोघांपैकी कोणीही करेना का. दुसऱ्याने 'अगं सांगायचं ना मला' हे वाक्य बोलायचं नाही, कारण सांगावं लागणं हाच तर वैताग आहे.

१. घर कुठे घ्यायचं

पुण्यातलं क्लासिक दुखणं म्हणजे एकाचं ऑफिस हिंजवडीला आणि दुसरीचं खराडी नाहीतर मगरपट्ट्याला. सगळे सांगतात मध्यावर घर घ्या. माझं मत उलटं आहे. मध्यावर घेतलं की दोघंही रोज ट्रॅफिकमध्ये आणि संध्याकाळी घरात दोन दमलेली माणसं, कुकर कोणी लावायचा यावर नजरानजर. त्यापेक्षा ज्याला आठवड्यात जास्त दिवस ऑफिसला जावं लागतं त्याच्या जवळ घ्या, निदान एक जण तरी साडेसहाला घरात पोचतो आणि त्या दिवसाचं घर चालतं. आणि पुढचं अ‍ॅग्रीमेंट दुसऱ्याच्या बाजूला, हे आत्ताच कबूल करून ठेवा.

मेट्रोचा विचार करत असाल तर दोन लाईन लक्षात ठेवा, वनाज ते रामवाडी आणि पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट, दोन्ही जिल्हा न्यायालय (आधीचं नाव सिव्हिल कोर्ट) स्टेशनवर एकमेकींना छेदतात. कोथरूड, कर्वे रोड, शिवाजीनगर या पट्ट्यात राहून नगर रोडला जाणाऱ्याला रामवाडीपर्यंत मेट्रो आणि पुढे बस किंवा रिक्षा हे चांगलं जमतं. पण ब्रोकर 'मेट्रो पाच मिनिटांवर' म्हणाला तर पाच मिनिटं कशाने ते विचारा.

घर फायनल करायच्या आधी एकदा मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी तिथून ऑफिसला जाऊन बघा. रविवारी दुपारी बाणेर रोड सगळ्यांनाच आवडतो.

२. घर बघायला गेल्यावर

ब्रोकर हॉल दाखवतो, व्ह्यू दाखवतो, मॉड्युलर किचनचा ड्रॉवर उघडून दाखवतो. तुम्ही सरळ बाथरूममध्ये जा आणि नळ सोडा. मग फ्लश करा आणि नळाची धार बारीक होते का बघा. बेडरूममध्ये कपाटामागच्या भिंतीवर हात फिरवा, ओल असेल तर रंग फुगलेला लागतो, आणि नुकताच फक्त त्याच एका भिंतीला रंग मारलाय असं दिसलं तर समजून जा. सिंकखालचं दार उघडून पाईप बघा. आत उभं राहून फोन लावून बघा, काही बिल्डिंगमध्ये किचनमध्ये नेटवर्कच नसतं. पश्चिमेची बेडरूम असेल आणि वर टेरेस असेल तर एप्रिल-मेमध्ये रात्री अकरापर्यंत भिंत गरम राहते, पुण्याचा पारा तेव्हा चाळिशीला जाऊन येतो, तेव्हा एसीचा पॉइंट आहे का बघा. ड्राय बाल्कनीला कबुतरांची जाळी आहे का? नसेल तर ती मालकाकडून लावून घ्यायची, आत्ताच, टोकन द्यायच्या आधी, कारण टोकन दिल्यावर तुमचं कोणी ऐकत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न ब्रोकरला विचारायचा नाही, वॉचमनला विचारायचा: 'दादा, पाणी कसं आहे?' तो जो उसासा टाकेल त्यावरून कळतं. पुढे विचारा, कॉर्पोरेशनचं किती वाजता सुटतं, टँकर मागवावे लागतात का, बोअरचं पाणी कुठल्या नळाला आहे. बाणेर, बालेवाडी, वाघोली, उंड्री या बाजूच्या पुष्कळ सोसायट्या टँकरवर चालतात आणि टँकरचा खर्च मेन्टेनन्समध्ये येतो. पिंपरी-चिंचवडला नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी सुरू झालं, त्यामुळे वाकड, पिंपळे सौदागर बाजूला घर बघताना आज पाण्याचा दिवस आहे की नाही हे विचारूनच नळ तपासा, नाहीतर तपासून उपयोग नाही.

३. अ‍ॅग्रीमेंट, हा भाग कंटाळवाणा आहे पण वाचा

आपल्याकडे भाडेकरार म्हणजे लीव्ह अँड लायसन्स, बहुतेक ११ महिन्यांचा. पुष्कळ लोकांना वाटतं ११ महिन्यांचा असला की रजिस्टर नाही केला तरी चालतो. असं नाहीये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे तो लेखी पाहिजे आणि रजिस्टर पाहिजे, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोटरी करून देतो, पाचशे रुपयात काम होतं, असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. रजिस्टर्ड करार असला की तोच गॅसला, बँकेला, पत्ता बदलायला पुरावा म्हणून चालतो आणि एचआरएला, म्हणजे पगारातल्या घरभाडे भत्त्याच्या सवलतीला पण.

खर्च काही फार नाही. स्टँप ड्युटी ०.२५ टक्के, पूर्ण मुदतीचं भाडं अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरून जे व्याज होतं त्या बेरजेवर. समजा भाडं २२,००० आणि डिपॉझिट ६६,०००, तर ११ महिन्यांची ड्युटी सहा-सातशे रुपयांच्या घरात येते. महापालिका हद्दीत रजिस्ट्रेशन फी १,००० रुपये, वर ऑनलाईनचे किरकोळ चार्जेस. बाकी जे एजंट मागतो ती त्याची फी, त्यावर घासाघीस होते. एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येतो, आधार असलं की दहा-पंधरा मिनिटांचं काम. मालक परगावी असेल तरी त्याचा अंगठा तिकडे घेता येतो, त्यामुळे 'साहेब मुंबईला असतात' हे कारण चालत नाही.

सही करायच्या आधी या गोष्टी करारात शोधा आणि नसतील तर लिहून घ्या. मेन्टेनन्स कोण भरणार. सोडताना रंगाचे पैसे कापणार का, कापणार तर किती. नोटीस एक महिना की दोन. लॉक-इन, म्हणजे अमुक महिने घर सोडता येणार नाही अशी अट, आहे का. गीझर, पंखे, चिमणी बिघडली तर कोणी करायचं. सोसायटी भाड्याने दिलेल्या फ्लॅटवर नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लावते, ते सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांवर लावता येत नाहीत आणि ते मालकाचे असतात, तुमच्या गळ्यात पडू देऊ नका. भाडं वर्षाला एक लाखाच्या वर असेल तर ऑफिसमध्ये एचआरएला मालकाचा पॅन लागतो, तो आत्ताच करारात घालून घ्या, जानेवारीत एचआर मागतं तेव्हा मालक फोन उचलत नाही. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे ऑनलाईन द्यायची असते, ती मालकाने दिली का विचारा आणि त्याची कॉपी मागा.

हो आणि लग्नाचं सर्टिफिकेट. काही सोसायट्या मागतात, पासपोर्टला आणि बँकेलाही लागतंच कधीतरी. महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात विवाह नोंदणी होते, तीन साक्षीदार लागतात, आणि ज्या गुरुजींनी लग्न लावलं त्यांची सही लागते. ९० दिवसांच्या आत करून टाका, नंतर दंड भरावा लागतो. गुरुजींचा नंबर कोणाकडे आहे ते लग्नाची गडबड ताजी आहे तोवर शोधा, नंतर मामाच्या मित्राच्या ओळखीचे होते इथपर्यंतच गाडी येते.

४. चावी मिळाली त्या दिवशी

सामान आत यायच्या आधी रिकाम्या घराचा एक सलग व्हिडिओ काढा, प्रत्येक भिंत, प्रत्येक दार, ओट्यावरचा टवका, फुटलेली टाईल, आणि मालकाला लगेच व्हॉट्सअ‍ॅप करा. लाईट मीटरचा फोटो काढा, आकडा आणि मीटर नंबर दोन्ही दिसतील असा, आणि पाइप गॅस असेल तर त्या मीटरचाही. आधीच्या भाडेकरूची थकबाकी तुमच्या बिलात येऊ नये म्हणून. मालकाकडून महावितरणचा ग्राहक क्रमांक घ्या, १२ आकडी असतो, तो ज्याचं लाईट खातं त्याच्या फोनवर सेव्ह. त्या क्रमांकाला तुमचा मोबाईल जोडून घेतला की बिल आणि बंदचा मेसेज तुम्हाला येतो, नाहीतर तो नाशिकला मालकाच्या फोनवर जात राहतो.

भिंतीला ड्रिल मारायचं असेल तर सोसायटीची वेळ विचारा. दुपारी एक ते चार ड्रिल मारलं तर खालच्या मजल्यावरचे काका वर येतात, आणि ते ओळख करून घ्यायला आलेले नसतात.

दारावर पाटी लावा, दोघांची नावं घाला. कुरिअरवाल्यांचे निम्मे फोन त्याने वाचतात.

५. पाणी

शहरात येणारं पाणी खडकवासला साखळीतल्या चार धरणांचं, खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर, सगळी मिळून साधारण २९ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. धरणं भरली की पुणेकर एकमेकांना फोटो पाठवतात ते उगाच नाही. या पाण्याचं खातं ज्याच्याकडे आहे त्याने एक ओळ पाठ करायची, ती पेपरात दर काही आठवड्यांनी येते: 'गुरुवारी पाणीपुरवठा बंद, शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने.' दुरुस्तीची कामं बहुतेक गुरुवारी काढतात. लाईटचे मेन्टेनन्सचे बंदही पुष्कळदा गुरुवारीच येतात. त्यामुळे बुधवारी रात्री सोसायटीच्या ग्रुपवर एक नजर टाका, मेसेज असेल तर दोन बादल्या, एक पिंप आणि पिण्याचा हंडा भरून ठेवा. आणि मशीनभर कपडे गुरुवारी सकाळी लावू नका. शुक्रवारचं लोक विसरतात, पाणी आलं म्हणून आनंदाने शॉवर सोडतात आणि पहिलं पाणी गढूळ येतं, डोक्याला शांपू लावलेला असतो.

फिल्टरचं म्हणाल तर धरणाचं पाणी येत असेल तर महागडा आरओ लागत नाही, साधा यूव्ही पुरतो. टँकर किंवा बोअरचं पाणी जड असेल, म्हणजे नळावर पांढरा थर बसतो, डाळ शिजायला वेळ लागतो, केस राठ होतात, तर आरओ घ्या आणि त्याचं वाया जाणारं पाणी बादलीत धरून फरशीला वापरा. नळावरचा तो थर लिंबाच्या सालीने किंवा व्हिनेगर लावून अर्धा तास ठेवला की निघतो. घासणीने घासू नका, नळ मालकाचा आहे.

६. लाईट आणि गॅस

महावितरणचं बिल टप्प्याने चढतं, पहिले १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० चा दर बराच जास्त, ३०० च्या पुढे आणखी. म्हणजे महिन्याला शंभराच्या आसपास राहिलात तर बिल बघून बरं वाटतं. युनिट कशात जातात ते एकदा बसून काढा: दोन किलोवॉटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट. दोघांची अंघोळ वेगवेगळ्या वेळी आणि मध्ये गीझर चालूच, हेच जास्तीत जास्त घरांत होतं. एकापाठोपाठ एक जा, दुसऱ्याने बटण बंद करायचं. एसीला पंखा जोडीला लावून २६ वर ठेवला तर फरक दिसतो. तो २६ आहे की २२ यावरून जे होतं ते तुमचं तुम्ही बघा, त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

सिलेंडर घरगुती १४.२ किलोचा. दोघांना, घरी स्वयंपाक होत असेल तर, दीड-दोन महिने सहज जातो. घेताना सील बघा, आणि डिलिव्हरीवाल्याकडे वजनकाटा असतो, वजन करून द्या म्हणायला लाजू नका. लागला की कॅलेंडरवर तारीख लिहा, आमच्या आज्या लिहायच्या तशीच, याहून चांगलं अ‍ॅप अजून आलेलं नाही. गॅसचा वास आला तर स्विचला हात लावायचा नाही, ना चालू ना बंद, रेग्युलेटर बंद, खिडक्या उघडायच्या, बाहेर येऊन १९०६ ला फोन. हा नंबर आणि लाईटचा १९१२, दोन्ही फ्रिजवर चिकटवा, कारण लाईट जाते तेव्हा फोनला रेंज पण कमीच असते आणि नंबर शोधत बसायला लागतं.

७. मावशी

दोघं नोकरीवर, म्हणजे धुणं-भांडी, केर-फरशी, पोळी-भाजी यातलं काहीतरी बाहेरून लागणारच. आधी सोसायटीत वॉचमन किंवा शेजारच्या काकूंना विचारा, त्या बिल्डिंगमध्ये आधीच कामाला येणाऱ्या मावशी सगळ्यात बऱ्या, त्यांचं चार घरांचं गणित असतं म्हणून त्या टिकतात. बोलणी साधारण अशी होतात:

'किती माणसं?'

'दोघंच आहोत मावशी.'

'दोघंच म्हणतात सगळे. शनिवारी पाहुणे आले की म्हणता दहा पोळ्या जास्तीच्या करा.'

'पाहुणे आले तर वेगळे पैसे देऊ ना.'

'आणि ओटा पुसायचा का मी? कढई घासायची का? ते आत्ता सांगा.'

मावशींचं बरोबर आहे, ते आत्ताच सांगायचं. पोळ्या किती, भाजी चिरून ठेवणार की त्यांनी चिरायची, ओटा कोणी पुसायचा, महिन्याला सुट्ट्या किती (दोन तरी द्याच, आणि त्यांचे पैसे कापायचे नाहीत), गावाला गेल्या तर बदली देणार का, तुम्ही गावाला गेलात तर पगार चालू ठेवणार का (चालूच ठेवायचा). दिवाळीला एक पगार बोनस हा आपल्याकडचा रिवाज आहे, तो पहिल्या महिन्यापासून बजेटमध्ये धरा. उचल मागितली तर द्यायची की नाही हे दोघांनी आधी ठरवा आणि एकच उत्तर द्या. आणि पगार ठरल्या तारखेला, त्यांना मागायला लावू नका. ज्याचं मदतनीस खातं त्याने मावशींशी बोलायचं, दुसऱ्याने मध्ये परस्पर सूचना द्यायच्या नाहीत. एकाने सांगितलं पोळ्या पातळ करा, दुसऱ्याने सांगितलं जरा जाड, अशा घरातून मावशी सोडून जातात आणि कारण सांगतात 'लांब पडतं'.

८. स्वयंपाक, जेवढा लागतो तेवढाच

दोघांना येत नसला तरी चालतं, पण कुकर लावता आला पाहिजे. एका तीन-पाच लिटरच्या कुकरात दोन डबे: खालच्यात अर्धी वाटी तूरडाळ, हिंग-हळद-थेंबभर तेल आणि डाळीच्या तिप्पट पाणी, वरच्यात पाऊण वाटी तांदूळ आणि दुप्पट पाणी, कडेला जागा असेल तर एक बटाटा. कुकरच्या तळाशी दोन बोटं पाणी घालायला विसरलात तर कुकर काळा. तीन शिट्ट्या, गॅस बारीक करून पाच मिनिटं, बंद. वाफ आपोआप जिरू द्या, शिट्टी चमच्याने उचलू नका. तेवढ्यात फोडणी होते आणि ऑफिसहून आल्यावर पस्तीस मिनिटांत वरणभात, बटाट्याची काचऱ्यासारखी काहीतरी भाजी, वर लोणचं. हे यायला लागलं की महिन्याचे बाहेरून मागवायचे पैसे निम्म्यावर येतात.

रविवारी तासभर, टीव्ही लावून बसा आणि पुढच्या आठवड्याची पूर्वतयारी करा: शेंगदाणे भाजून कूट, लसूण सोलून डबीत, गवार-घेवडा मोडून, कोथिंबीर निवडून कोरड्या कापडात गुंडाळून डब्यात, ओली ठेवलीत तर बुधवारी चिखल. पालेभाजी दोनपेक्षा जास्त जुड्या आणू नका, दोघांना संपत नाही. गोडा मसाला आणि लोणचं दोन्ही आयांकडून येणारच, दोन्ही बरण्या ओट्यावर ठेवा. एकच पुढे ठेवलीत तर पुढच्या भेटीत ते कोणाच्या तरी लक्षात येतं.

भांडी, डबे, सांडशी, किसणी, पोळपाट हे मॉलमधून घेऊ नका. तुळशीबाग आणि रविवार पेठेत जा, बोहरी आळीत प्लास्टिक-हार्डवेअरचं सगळं मिळतं, शनिवार-रविवार टाळा आणि गाडी घेऊन तर जाऊच नका, मंडई मेट्रो स्टेशनला उतरा आणि चालत जा. येताना महात्मा फुले मंडईतून भाजी. ती इमारत १८८६ ची आहे, आत जाऊन एकदा वर बघा. नवीन भांडी घेण्याआधी घरी आलेली आहेराची भांडी उघडून बघा, नावं घातलेले स्टीलचे डबे आणि तीन-तीन लिंबू सरबताचे सेट निघतात, आणि कुकर तर दोन असतातच.

९. कचरा

पुण्यात बहुतेक ठिकाणी दारावर कचरा घ्यायला 'स्वच्छ' संस्थेच्या ताई-दादा येतात. ही कचरावेचकांचीच सहकारी संस्था आहे, २००८ पासून महापालिकेबरोबर काम करते, आणि महिन्याचं शुल्क आपण त्यांना द्यायचं असतं. ओला वेगळा, सुका वेगळा, हे तर झालंच. सॅनिटरी पॅड, डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका करून तिसऱ्या पिशवीत द्यायचे, म्हणजे उघडून बघावं लागत नाही. फुटलेली काच पेपरात गुंडाळून हातात सांगून द्या. दुधाच्या पिशव्या कापून, धुऊन, वाळवून सुक्यात टाका, त्यांना त्याचे पैसे मिळतात. पिशवीचा कोपरा पूर्ण कापून वेगळा करू नका, तो बारीक तुकडा वेचता येत नाही. ताई सकाळी येतात, तुम्ही साडेसातला निघत असाल तर दोन्ही डबे दाराबाहेर कुठे ठेवायचे ते त्यांना विचारून ठेवा, कारण एक दिवस राहिला की ओल्या कचऱ्यावर चिलटं आणि त्यावरून भांडण.

१०. पैसे आणि सोसायटी, थोडक्यात

घरखर्चाचं एक वेगळं खातं काढा, पगाराच्या प्रमाणात दोघांनी एक तारखेला त्यात टाकायचे, भाडं-लाईट-मावशी-किराणा सगळं त्यातूनच. रोज 'तू दिलेस मी दिले' हा हिशोब ठेवणारी जोडपी मला कधी कळली नाहीत. उरलेले ज्याचे त्याचे, त्यावर प्रश्न नाही.

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तुम्ही भाडेकरू म्हणून असाल तर पाण्याचे मेसेज वाचा, बाकी पार्किंगच्या भांडणात पडू नका. पार्किंगचा नंबर मात्र करारात लिहिलेला पाहिजे, तोंडी नको.

११. आई-बाबा राहायला येतात तेव्हा

सोलापूरहून, नगरहून, कोकणातून, दोन्हीकडचे येणार आणि वन बीएचके असेल तर प्रश्न गाद्यांचा असतो. दोन चांगल्या जाड गाद्या आणि चार चादरी घेऊन ठेवा, दिवाणात मावतात. भारतीय पद्धतीचं संडास नसेल तर एक पायठेवणीचं स्टूल. बाबांना पेपर सकाळी सातला लागतो, विक्रेत्याला आदल्या दिवशी सांगा. आणि आई मावशींना नव्याने शिकवायला लागली की ज्याची आई त्याने मध्ये पडायचं. या बाबतीत खातेवाटप चालत नाही, जन्मानेच ठरलेलं आहे.

१२. नववा-दहावा महिना

अ‍ॅग्रीमेंट संपायच्या दोन महिने आधी मालकाला स्वतः फोन करा, तो करेल म्हणून थांबू नका. वाढ ५ ते १० टक्के मागतात. पहिल्यांदाच करारात आकडा लिहून घेतला असेल तर बोलणं पाच मिनिटांत संपतं. राहणार असाल तर नवीन करार, नवीन रजिस्ट्रेशन, जुना आपोआप पुढे चालू राहत नाही. सोडणार असाल तर नोटीस व्हॉट्सअ‍ॅप आणि मेल दोन्हीवर द्या, शेवटच्या दिवशी मीटरचे फोटो पुन्हा काढा, चावी मिळाली त्या दिवशीचा तो व्हिडिओ मालकाबरोबर उभं राहून भिंतीला भिंत लावून बघा, आणि चावी हातात द्यायची ती डिपॉझिट ट्रान्सफर झाल्याचा मेसेज आल्यावर. 'रंगाचे बघून सांगतो' असं म्हणाला तर करारातलं ते पान उघडून दाखवा.